बंदरावरचं वाचनालय

गंगारामच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. मुंबईहून त्याने विचारलं होतं, “काय रे पुस्तकी किड्या, बंदरावरचा आपला वाचनालय चालू आसा मां? आसला तर मे म्हयन्यात येतंय. नायतर आता गावात माजा कोण आसा?”

लहानपणी तिथल्या बाकावर आम्ही दोघं एकच पुस्तक वाचायचो. तो भरभर वाचे, पण पान उलटायला माझ्यासाठी थांबे.

वाचनालयाला कुलूप लागून सात वर्षं झाली. तसं कळवलं तर तो येणारच नाही, या भीतीने मी कार्ड लिहायचो आणि फाडायचो.

 

आज मात्र मालवणला जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं : “वाचनालय बंद झाला. मी आसंय. ये.”