पक्ष्याचा डोळा

डोळे मिटा पाहू. इंग्लंडातल्या डर्बीशरच्या डोंगरात एक गाव आहे. पहाटेचं धुकं अजून विहिरीवर झोपलंय. विहिरीमागे एक लाकडी फळा उभा. त्यावर ओली माती लिंपलेली, आणि मातीत पाकळ्या दाबून केलेला मोठा निळा पक्षी. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या लावलेल्या, म्हणजे पाऊस आलाच तर ओघळून जाईल. गाव दरवर्षी पाण्याचे आभार मानतं ते असे.

डोळा तेवढा राहिलाय. तो शेवटी लावायचा, आणि एका मुलानंच लावायचा.

टिल्डाच्या मुठीत डोळ्यासाठी ओढ्याकाठी शोधलेलं एक काळंभोर बोंड होतं. यंदा आपणच, हे तिनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

"यंदा डोळा नेल लावेल," फळ्याचं काम बघणारे हॅलमआजोबा म्हणाले.

नेल तिची मैत्रीण. गावात नवीनच आलेली. ती जागच्या जागी उड्या मारू लागली.

टिल्डा पाठ फिरवून विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आजोबा शेजारी टेकले.

"आपल्या इंग्रजीत एक शब्द आहे. कॉन्फेलिसिटी."

"म्हणजे?"

"दुसऱ्याला आनंद झाला म्हणून आपल्याला होणारा आनंद."

"कधी ऐकला नाही."

"फारसं कुणी वापरत नाही. जड आहे ना! केक नेलनं खायचा आणि ढेकर तू द्यायची, असं काहीतरी."

"मला नाही येत असली ढेकर."

"मग बळंच काढू नकोस," आजोबा म्हणाले.

तिकडे नेल टाचा उंचावून उभी होती. पक्ष्याचं डोकं तिच्या हाताच्याही वर होतं.

"आणि डोळा कुठाय?" तिचा आवाज बारीक झाला.

टिल्डा उठली. मूठ उघडून तिनं बोंड नेलच्या हातात ठेवलं. मग फळ्यापाशी हात-गुडघे टेकून ओणवी झाली.

"चढ. बूट काढ गं आधी, भोपळे!"

पाठीवर दोन गार पावलं आली. नेलनं बोंड मातीत दाबलं. मग जमलेल्या गावकऱ्यांमधून एकदम "आहा!" उठलं.

"टिल्डा, बघायला लागला गं तो! दिसतोय ना तुला?"

टिल्डाच्या नाकासमोर नुसतं गवत होतं, आणि गवतावर दव.

"दिसतोय," ती म्हणाली, आणि तिनं पाठ आणखी थोडी उंच केली.