उलटी कामटी

साहेब, पाड्यावरच्या बायांना काटकसर शिकवायला माणूस पाठवताना तुम्हाला जरा तरी लाज वाटली का?

रानशेत पाड्यावरच्या धाकली नावाच्या बाईने गणपतीच्या आधी बांबूचा एक आकाशकंदील विणून तुमच्या कंपनीच्या ऑफिसात नमुना म्हणून दिला होता. पसंत पडला असता, तर दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी शंभर कंदिलांचं काम तिच्या पाड्याला मिळणार होतं. "यात सफाई नाही, बाई," म्हणून तुम्ही काम नाकारलंत आणि नमुना तेवढा ठेवून घेतलात.

दिवाळीच्या तोंडावर तुमच्याच मॅडम पाड्यावर आल्या. 'घरच्या घरी, स्वस्तात भेटवस्तू' असा फलक लावून त्यांनी बायांना पुढ्यात बसवलं आणि पिशवीतून एक कंदील काढला.

"हे माझं स्वतःचं डिझाइन आहे, नीट बघून शिका. सगळ्या कामट्यांची हिरवी पाठ बाहेर ठेवायची, पण ही चौथी मात्र उलटी बसवायची. हीच तर खरी कला!"

"आता ही आपल्याला बांबू शिकवणार," धाकलीच्या शेजारी बसलेली संगीता पुटपुटली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"कुणाला काही विचारायचंय?" मॅडमनी विचारलं. धाकली उठून उभी राहिली.

 

"मॅडम, माझी पोर तापाने रडत होती, तिला मांडीवर घेऊन विणताना माझी चौथी कामटी उलटी बसली. तुमची कशी बसली, ते सांगा!"