शत्रूची बाजू

जेवणाच्या टेबलावर बाबांनी पुलाच्या जागी मीठदाणी ठेवली, तेलसाठ्याच्या जागी तुपाचं भांडं आणि मधोमध भाताची वाटी. "हे तुझं शहर. आज तू शत्रू."

बाबा म्हणजे माझे सासरे, हवाई दलातले निवृत्त एअर मार्शल. विमानांनी थेट शत्रूच्या शहरांवर घाला घालावा, लोकांचा धीर सुटला की युद्ध संपतं, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत. उद्या तरुण अधिकाऱ्यांसमोर तो मांडायचा होता. मांडण्याआधी कुणाला तरी शत्रू करून तपासून घ्यायचा, ही त्यांची दलातली सवय. घरात आज मीच होते, मांडीवर माझ्या लेकीला, मुक्ताला घेऊन. तिला नुकतीच मान धरता यायला लागली होती.

"शहर पेटलं." त्यांनी भातावर चमचा टेकवला. "आता शरण येशील?"

"नाही. आधी हिला उचलून पळेन."

"आणि पळता आलं नाही तर?"

"मग शरण कसली येतेय, बाबा? ही गेल्यावर मला कशाची भीती उरणार?"

माझा आवाज चिरकला. मुक्ता दचकून रडायला लागली.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "इतक्या अधिकाऱ्यांना शत्रू केलं, एकही असं बोलला नाही." मग भाताची वाटी उचलून त्यांनी ओट्यावर नेऊन ठेवली. "शहर सिद्धांतातून बाद. उद्या तसं सांगेन. पूल आणि तेल, बास."

परत येऊन त्यांनी हात पुढे केले. "दे तिला इकडे आणि जेवून घे. शत्रू सकाळपासून उपाशी आहे."