शेडमधला पहिला दिवस

डबा जड लागला.

लेकीच्या हातातून पिशवी घेताक्षणीच आईला ते जाणवलं. झाकण उघडून पाहिलं तर सकाळी भरला होता तसाच होता, नुसता गार झाला होता.

"जेवली नाहीस?"

"भूकच लागली नाही गं."

लेक नळाखाली हात घासत होती. चामड्याच्या कारखान्यातला तो वास साबणाने जात नाही, हे आईने तिला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी एवढं खरं कशाला सांगायचं!

आईचं सगळं तारुण्य त्याच शेडमध्ये गेलं. चुन्याच्या हौदातून काढलेलं ओलं कातडं ओंडक्यावर पसरायचं आणि आतल्या अंगाला चिकटलेलं मांस सुरीने खरवडायचं. नवी बाई तासाभरात ओकायची. ओकली की मुकादम तिला घरी धाडायचा, कारण दारात दुसरी उभीच असायची. तंबाखू खाणाऱ्या तेवढ्या टिकायच्या. ओठाखाली चिमूट धरली की नाक बधिर होतं, आणि पोटही जेवण मागायचं विसरतं.

लेकीला मात्र तंबाखूचा भयंकर राग. घरात डबी दिसली की ती सरळ खिडकीबाहेर भिरकावायची. मग आईच्या गालात पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी "आ करा" म्हणून टॉर्च मारला. मग म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, कामही बंद, पुढचं ऑपरेशननंतर बघू. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनेच तोड काढली.

"तू तंबाखू सोड. तुझ्या जागेवर मी जाते."

"तुला जमायचं नाही ते."

"तुला सोडणं जमेल का, ते बघ आधी."

आईने सोडली. लवंगा चघळल्या, येता-जाता भांडी आपटली, शेजारच्या मांजरावरसुद्धा खेकसली. मांजराने घरी यायचं बंद केलं, पण तंबाखू सुटली. आपल्यामागे निदान पोरीचं तोंड तरी स्वच्छ राहावं, एवढीच तिची इच्छा होती.

काल ती मुद्दाम बडबडीकडे जाऊन आली होती. बडबडी म्हणजे शेडमधली शेजारच्या ओंडक्यावरची. तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही म्हणून हे नाव. नवी होती तेव्हा काडीसारखी पोर होती, ओकून ओकून अर्धी झाली होती. आईने तिला सावरलं, मुकादमापासून वाचवलं. तेव्हापासून ती आईला सख्ख्या बहिणीसारखं मानायची.

"माझी पोर तुझ्या पदरात घालते," आई म्हणाली होती.

"ताई, घोर सोड. तू मला सांभाळलंस, तशीच सांभाळेन तिला."

आई निर्धास्त मनाने घरी आली होती.

लेकीने नळ बंद केला. हात पुसत ती समोर येऊन बसली, पण आईकडे बघेना. बोलताना तिचा खालचा ओठ जड झाल्यासारखा वाटत होता. आतून जीभ सारखी तिथेच फिरत होती. ती भूक न लागणं, ती जीभ, हे सगळं आईचं स्वतःचं होतं, तंबाखूच्या दिवसांतलं.

"आ कर," आई म्हणाली.

लेकीने तोंड घट्ट मिटून घेतलं. मग एकदम रडायलाच लागली.

"दोनदा ओकले गं. मुकादम म्हणाला, पिशवी उचल आणि घरी जा. मग मावशीनं... आजच्यापुरती म्हणाली. माझे हात घाण होते, म्हणून तिनंच भरवली."

आई ताडकन उठली. अंगाचा नुसता जाळ झाला. विश्वासाने हातात दिलेली पोर, आणि पहिल्याच दिवशी हे! एक चप्पल पायात सरकवली, दुसरी सापडेना.

"थांब, त्या बडबडीला आज सोडत नाही. तिच्या दारात उभी राहून विचारते, कुठून शिकलीस हे!"

लेकीने तिचा हात धरला.

"नको गं आई, तिला काही बोलू नकोस. मी तोंड फिरवलं तर तिचेच डोळे भरून आले. म्हणाली, खा बाळा. मलाही तुझ्या आईनंच भरवली होती."