शेगडीवरचा लाल दिवा

दाराचं लॅच किल्लीने उघडून ती स्वयंपाकघरात आली आणि पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता थबकली. विजेवरच्या काचेच्या शेगडीचा लाल दिवा पेटलेला होता. काच अजून तापलेली आहे, हात लावू नका, एवढंच तो दिवा सांगतो.

पण सकाळपासून घरात कुणीच नव्हतं.

गोड चहा उतू जाऊन काचेवर करपला होता. साखर गार झाली की काचेचा टवका घेऊनच निघते, म्हणून तिने सवयीने काच साफ करायचं पातं तिरकं धरून ती खरवडली. खाली एक अर्धगोल चरा निघाला. ताजा. भांडं न उचलता ओढलं की पडतो तसा.

भांडी ओढायची खोड या घरात एकालाच होती. "अहो, उचला, ओढू नका!" ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा. नवरा हसायचा आणि पुन्हा ओढायचा. पावसाळ्यात दोघं डोंगरावर फिरायला गेले आणि तो कड्यावरून खाली कोसळला. खालच्या नदीत शोधपथकाला नुसता बूट मिळाला. तेव्हापासून काच आरशासारखी राहिली होती.

तिने नणंदेला फोन लावला. "ताई, आज घरी आला होतात का?"

"नाही गं. का?"

"सहज."

"आवाज का असा? दादाची आठवण आली? माझं मन अजून सांगतं, तो येईल."

"असं बोलू नका हो," म्हणत तिने फोन ठेवला.

पळावं म्हणून ती वळली, तोच आतल्या खोलीत काठी टेकल्याचा आवाज झाला. मग पाय फरफटल्याचा. पडदा सरकला.

दाढी वाढलेली, एक पाय अधू, हातात चहाचा कप. भूत चहा पीत नाही.

"तुम्ही... जिवंत?"

"झाडात अडकलो. लाकूडतोड्यांनी काढलं. धड शुद्धीवर यायलाच महिने गेले. किल्ली तेवढी खिशात राहिली होती." तो खुर्चीत टेकला. "रडू नकोस. पाय घसरला, असंच सांगितलंस ना सगळ्यांना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मीही तेच सांगणार आहे. तू ढकललंस, हे आपल्या दोघांतच राहील."