काम संपल्याची घंटी

सूनबाई घरूनच काम करायची. कॉम्प्युटरवर लावलेलं लांबलचक काम संपलं की कळावं, म्हणून तिने त्याच्या टर्मिनलला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीला, आधी विचारून घेतलं, रंग किती येतात, घंटी येते का. आणि मग आज्ञा दिली, काम झालं की अक्षरं हिरवी कर आणि घंटी वाजव. ती घंटी नेमकी दारावरच्या बेलसारखी निघाली. दुपारपर्यंत सासूबाई गुडघे सांभाळत चारदा दार उघडून आल्या. पाचव्यांदा उठल्या, तेव्हा सुनेने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. आता आपली काही धडगत नाही, असं तिला वाटलं.

सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"मलाही शिकव ती आज्ञा," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी पाहुण्यांपुढे त्यांच्या बदलीची तीच ती गोष्ट काढली, की दार उघडायला त्यांनाच पाठवीन."