रोबोटचं कपाळ

रोबोटने पुढची काच उचलली, गाडीपर्यंत आणली आणि तो थांबला. दोन सेकंद विचार केल्यासारखा थांबला, मग काच परत रॅकमध्ये ठेवून आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी लाल दिवा लागला आणि चाकणच्या त्या कार कारखान्यातली अख्खी लाइन उभी राहिली.

सकाळचे पावणेसात. दसऱ्याच्या सुट्टीनंतरची पहिली शिफ्ट. रोबोटभोवतीच्या जाळीला खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार अजून लटकत होता.

निरंजन, तिथला इंजिनिअर, टॅब घेऊन धावत आला. त्याने प्रोग्राम पाहिला, मग हवेचा दाब, मग केबली. सगळं ठीक होतं. तोवर काचा हातानेच बसवा, असं त्याने सांगितलं.

रोबोट यायच्या आधी हे काम सयाजी आणि बबनराव करायचे. एक या बाजूला, एक त्या बाजूला, तासाला तीस गाड्या. रोबोट आल्यावर पन्नास व्हायला लागल्या. सयाजी रोबोटची पुसापुशी बघू लागला आणि बबनराव बाहेर यार्डात गेला, तयार गाड्या ओळीने लावायला. आज त्याला फोन गेला आणि सहा मिनिटांत तो हजर झाला. जुने हातमोजे त्याच्या खिशातच होते.

दोघांनी काचेला धरायचे रबरी कप चिकटवले. घे, आलं, सोड, एवढंच बोलत पहिली काच बसली. लाइन हळूहळू सरकायला लागली.

निरंजन जाळीचं दार उघडून आत गेला आणि रोबोटच्या हाताखाली वाकून वर बघत राहिला. रोबोट ज्या कॅमेऱ्यातून गाडी बघतो, त्या रुपयाएवढ्या काळ्या काचेवर कुंकवाचं बोट होतं. मधोमध. अगदी प्रेमाने लावलेलं.

त्याने फोटो काढला. कोणी आणि का केलं हे कळल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. तो सयाजीजवळ आला.

पूजा सयाजीने केली होती, नारळही त्यानेच फोडला होता. शिफ्ट संपताना कॅमेरा रोज तोच पुसायचा, त्यामुळे तिथे कॅमेरा आहे हे त्याला माहीत नाही असं म्हणता येत नव्हतं. आणि रोबोट आला त्या दिवशी, आता आमच्या हातांचं काय लोणचं घालायचं, असं कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारणाराही तोच होता. निरंजनने हे सगळं आवाज न चढवता त्याला सांगितलं. आठ वाजेपर्यंत रिपोर्ट वर जायचा होता, आणि त्यातला जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता.

"भाऊ, मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण लिहू काय?"

"लिवा काय लिवायचं ते," सयाजी म्हणाला. "मला लावायचंच असतं, तर पुसता येणार न्हाई असं लावलं असतं."

पाच पावलांवर वर्षाली गाडीच्या दरवाज्याला रबर बसवत होती. उदगीरहून येऊन तिला आठ महिने झाले होते. कायम होणाऱ्यांची यादी सोमवारी लागणार होती, पंधरा ट्रेनींमधून चार नावं. ट्रेनीने जाळीच्या आत पाऊल टाकायचं नाही, या नियमाखाली पहिल्याच दिवशी तिची सही घेतली होती. खंडेनवमीला मात्र दार उघडं होतं. पूजेसाठी निरंजननेच ते उघडलं होतं, रोबोटचा हातही खाली आणून दिला होता. सगळे बाहेरून फुलं टाकत होते आणि कुंकवाचं तबक वर्षालीच्या हातात होतं. बाकीचे प्रसादाकडे वळले तेव्हा ती आत गेली. बाहेर येताना तिला पाहिलं ते फक्त सयाजीने.

आत्ता सयाजी तिच्याकडे बघत नव्हता. तो मुद्दाम बघत नाहीये, हे तिला कळलं.

तिने रबराची पट्टी खाली ठेवली आणि पुढे आली.

"सर, मी लावलं."

निरंजनने तिच्या गळ्यातल्या ट्रेनीच्या पिवळ्या ओळखपत्राकडे पाहिलं. तिथेच का, असं त्याने विचारलं.

"सगळ्या मशीनला लावत आले होते. हा नवीन, म्हणून जवळ जाऊन लावलं." तिने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "मला ते कपाळ वाटलं."

बबनराव फसकन हसला. काचेची दुसरी बाजू सयाजीच्या हातात होती. "हसू नको राव," तो स्वतःचं हसू दाबत म्हणाला, "काच पडंल."

निरंजन हसला नाही. तो पुन्हा आत गेला आणि पांढऱ्या फडक्याने कॅमेरा तीनदा पुसला. रोबोटने काच उचलली, गाडीपर्यंत आणली, बसवली. मग पुढच्या गाडीची. मग त्याच्या पुढच्या.

बबनरावने हातमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले आणि तो यार्डाकडे निघाला. वर्षालीच्या बाजूने जाताना म्हणाला, "पोरी, पुढच्या वर्षी जरा जास्त लाव."

निरंजन टॅबवर लिहीत होता. सयाजीने त्याच्या खांद्यावरून डोकावून वाचलं. कारण: पूजेच्या वेळी जाळीचं दार उघडं ठेवलं. जबाबदार व्यक्ती: तिथे निरंजनने स्वतःचं नाव घातलं होतं.

रिपोर्ट गेला. निरंजनने ते लाल झालेलं फडकं कचऱ्याच्या डब्यावर धरलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग इकडेतिकडे बघितलं, घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून दिलं.